घराचा पहिला आखाड

निनाद आणि ऋजुता ढवळीकर सामानाचा टेम्पो घेऊन मोरशिवण वसाहतीत पोचले तेव्हा त्यांचे नवे घर माहेरी गेलेले होते.

जोते जागेवर होते. झाडून, सडा घालून ठेवलेले. मधोमध पाण्याचा नळ तेवढा उभा होता, कारण नळ वसाहतीच्या मालकीचा असून तो माहेरी नेता येत नाही. शेजारच्या दोन जोत्यांवर दोन गृहस्थ सतरंज्या टाकून बसले होते. ते निनादकडे पाहून ओळखीचे हसले.

वसाहतीचे चिटणीस गुंजाळकाका नोंदवही घेऊन आले.

"आखाडात सामान घेऊन कोण येतं हो?"

"भाड्याच्या जागेची मुदत आज संपली," निनाद म्हणाला. "आमचं घर कुठंय?"

"नवं घर, पहिला आखाड. जाणारच. गुरुवारी मुराळी येऊन घेऊन गेला. ही त्याची सही." नोंदवहीत एका खुराचा ठसा होता.

या पट्ट्यातला संकेत जुना आहे. नव्या सुनेने पहिला आखाड सासरी काढू नये, तसाच तो नव्या घरानेही मालकाकडे काढू नये. ज्या भट्टीत विटा भाजल्या ती भट्टी घराचे माहेर, आणि भट्टीवरचे थोरले गाढव हा त्याचा मुराळी. गाढव पुढे चालते, घर मागोमाग जाते. वाटेत त्यांना कोणी टोकत नाही. श्रावण लागला की मालकाने मानाने न्यायला जायचे. मात्र जे घर मनातून दुखावले, ते परत येत नाही. असे एक जोते वसाहतीच्या टोकाला नऊ वर्षे मोकळे होते. निनादने ते पाहिले. त्यावर कोणीतरी भेंडी लावली होती.

"आपण आत्ताच जाऊन घेऊन येऊ," तो घाईने म्हणाला.

भट्टी चार किलोमीटरवर, नदीकाठी होती. कच्च्या विटांच्या ओळींमध्ये घर खिडक्या सताड उघडून बसले होते. बिजागऱ्यांना तेल लावलेले दिसत होते. निनादला पाहताच त्याची एक खिडकी मिटली.

भट्टीच्या मालकीण गोदाक्का बाजेवरून उठल्या नाहीत.

"जावई का?"

"मालक," निनाद म्हणाला.

"तेच ते. बसा, पाणी घ्या. पोर आत्ता काही यायची नाही."

"का पण?"

"बांधकाम चालू असताना अकरा वेळा आलात. दर वेळी भिंतीवर टकटक केलंत आणि पोकळ वाटते म्हणालात. तिच्या तोंडावर! वर, शहरातल्या खोलीत वारा किती यायचा, ते पुराण. सवतीचं कौतुक ऐकवतं का कोणी?"

निनादने मान खाली घातली. वारा खरेच यायचा. पण हे सांगण्याची ती जागा नव्हती.

गोदाक्कांनी ऋजुताला आपादमस्तक न्याहाळले. "लग्न कधी झालं गं तुमचं?"

"वैशाखात."

"कुठल्या?"

"याच."

गाढवाने कान टवकारले.

"मग ही पोर आखाडात इथं काय करतेय?"

"माझा भाऊ आला होता न्यायला," ऋजुता म्हणाली. "'आधी शिफ्टिंग उरकू' म्हणून यानं त्याला चहा पाजून परत पाठवला." मग तिने जरा विचार करून विचारले, "आक्का, गाढव मिरजेपर्यंत येईल?"

"जिल्ह्याबाहेर जात नाही ते."

"मग दादालाच फोन करते."

त्या संध्याकाळपासून निनाद जोत्यावर राहू लागला. वर ताडपत्री, एका बाजूला कपाट, मधोमध नळ. शेजारचे एक गृहस्थ चहा घेऊन आले.

"माहेर कुठलं?"

"एक नदीकाठ. एक मिरज."

"दोन्ही?" गृहस्थांनी आदराने बिस्किटांचा अख्खा पुडा पुढे केला.

श्रावण लागताच निनाद आधी मिरजेला गेला, कारण सवाष्णीवाचून घर जोत्यावर चढत नाही. तिथे सासऱ्यांनी त्याला दोन दिवस ओसरीवर बसवून ठेवले, आणि तो बसला. मग दोघे नवे तोरण घेऊन भट्टीवर आले.

"भिंत एकदा बघून घ्या," गोदाक्का म्हणाल्या. "मागाहून तक्रार नको."

निनादने हात उचलला. बोटे सवयीने वाकली. मग त्याने ती सरळ केली, सगळा तळहात भिंतीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"उबदार आहे," तो म्हणाला.

"भट्टीची लेक आहे. असणारच."

घर उठले. गाढवामागोमाग वसाहतीत आले, नळाला धक्का न लावता जोत्यावर चढले, आणि नदीकडे तोंड करून बसले. रस्त्यावर मागचे दार आले. गुंजाळकाकांनी पाव तास वाट पाहिली. मग नोंदवहीतले 'पूर्वाभिमुख' खोडून 'माहेराभिमुख' असे लिहिले.

"हे पुढंमागं वळेल ना गं?" निनादने हळूच विचारले.

"मी वैशाखापासून मिरजेकडे तोंड करून झोपते," ऋजुता म्हणाली. "तुला कुठं कळलं होतं?"

निनादने मागच्या दाराला तोरण बांधले.