आग्रह न करणारा पट्टा

येत्या रविवारी आपल्या घरात कुणीही कुणाला वाढायचं नाही, असं मी जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे भाकरी थापणाऱ्या आईला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली.

माझं दुखणं साधं आहे. मी पुण्यात राहून एम.एस्सी. केलं, आता घरी बसून लॅपटॉपवर नोकरी करते, आणि येडगावातल्या आमच्या घरात आई आजही सगळ्यांच्या मागून जेवते. आधी तात्या, म्हणजे माझे आजोबा. मग बाबा. मग माहेरपणाला आलेली आणि परत जायचं विसरलेली ठकूआत्या. सगळे ढेकर देऊन उठले की आई पातेल्यात डोकावते आणि उरलंसुरलं "वाया जायला नको" म्हणून खाते. या विषयावर बोलून बोलून मी थकले. (बाबा माझं भाषण शांतपणे ऐकतात आणि मध्येच भाकरी मागतात.) आईने एकदा तरी सगळ्यांच्या बरोबरीने बसून जेवावं, एवढीच माझी मागणी होती.

आळेफाट्याला जुन्नरच्या हमजाने सुशीचं, म्हणजे मासा नाहीतर भाजी घातलेल्या जपानी गार भाताच्या वड्यांचं, हॉटेल काढलं होतं. समोरून पट्टा सरकतो, त्यावर ताटल्या येतात, ज्याला हवी त्याने उचलायची. वाढायला कुणीच नाही! मला तर समतेचं यंत्रच सापडलं. (पट्टा मूळचा टोमॅटो निवडायचा होता, शेजारच्या गॅरेजने दुरुस्त करून दिलेला. आमच्याकडे समतासुद्धा सेकंडहँडच येते.)

रविवारी सगळ्यांना गाडीत कोंबून नेलं. तात्या मानाने पंख्याखाली, पार टोकाला बसले. त्यांच्याशेजारी बाबा, मग आत्या, मग मी. आई दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटून. "कुणाला काय लागलं तर जवळ बरं," म्हणाली.

खिडकीतून काकडीच्या सुशीची ताटली निघाली. (आत्या माळकरी, त्यामुळे मासा आधीच बाद.) ती आईसमोरून गेली, माझ्यासमोरून गेली, आत्या, बाबा, तात्या, सगळ्यांची नजर चुकवत जाऊन पट्ट्याच्या शेवटी ठेवलेल्या क्रेटमध्ये उतरली.

"तात्या, उचलायची होती ना!"

"राहू दे. भूक न्हाई मला."

आमच्याकडे याचा अर्थ 'अजून दोनदा विचारा' असा होतो. पट्ट्याला तो माहीत नव्हता. दुसरी ताटलीही निघून गेली.

"तात्या, ही पण गेली की!"

"गेली तर गेली. मला काय 'घ्या' म्हणली का ती?"

तात्या घेईनात म्हणून बाबा घेईनात, बाबा घेईनात म्हणून आत्या घेईना. "पावण्याला कुनी विचारीना, असलं कसलं हाटेल!" आत्या करवादली.

आईने खिडकीत डोकं घातलं. "हमजाभाऊ, त्या क्रेटातल्याचं काय करता?"

"टाकून देतो काकू. परत वाढता येत नाही."

"आगं बाई, सगळं वाया जायचं!" आईने पुढची ताटली उचलली. मग तिच्या पुढची. घरी ज्या कारणासाठी ती शिळं खाते, त्याच कारणासाठी इथे ताजं खाऊ लागली.

इतक्यात तात्यांनी टोपी सारखी केली. याचा अर्थ ते उठणार. तात्या उठले की बाबा उठणार, बाबा उठले की आईही तोंडातला घास तसाच घेऊन उठणार. मी तिच्याकडे पाहिलं. ती गाजराची सुशी डोळे मिटून सावकाश चावत होती.

पुढे मी जे केलं ते माझ्या मैत्रिणींना कळता कामा नये. मी उठले, ताटली उचलली आणि तात्यांपुढे वाकले.

"घ्या ना, तात्या. एकच."

"नको नको."

"माझ्यासाठी."

"पोट भरलंय गं."

"माझी शपथ आहे तुम्हाला."

"लईच आग्रह बाबा तुझा," म्हणत तात्यांनी ताटली साफ केली. "भात गार हाय. रातचा हाय का?" आणि रिकामी ताटली पुन्हा पुढे केली.

मग बाबा. मग आत्या. (आत्याला शपथ दोनदा घालावी लागते.) एवढ्यात मागच्या टेबलावरून हाक आली, "ओ ताई, आमालाबी विचारा की! मघापासनं बसलोय." निरगुडसरची मंडळी होती. त्यांनाही वाढलं. त्यांच्यातल्या बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत्याला विचारलं, "पोरगी कुनाची वं?"

"आमचीच. लई शिकलीय, पन वाढती चांगली."

"आमचा मोहित हाय लग्नाचा..."

मी पुढची ताटली आणायला पळाले.

परतताना गाडीत ढेकरांची मैफल चालली होती. माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. आत्या मोहितची जमीन किती, हे बाबांना सांगत होती. तरी मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, आपण जिंकलो. आज आई सगळ्यांच्या आधी जेवली, तेही बसून, पोटभर.

"कसं वाटलं, आई?"

"लई निवांत जेवले गं," ती मागे रेलून म्हणाली. "आता दर रविवारी बाहेरच जेवू आपन. तू हायेस की वाढायला."