उत्तमकाका, ओव्हर!

आमचे शेजारी उत्तमकाका प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणतात. "चहा टाक, ओव्हर." "म्हैस सुटली, ओव्हर." एकदा मयतीला गेले आणि वडील गेलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर धर बाप्पा, ओव्हर." लोकांनी हसू दाबायला तोंडावर रुमाल धरले. मुलाला वाटलं, सगळेच रडताहेत.

याचं मूळ होमगार्डात. तरुणपणी एका निवडणुकीच्या बंदोबस्तात साहेब आडोशाला गेले आणि जाताना वायरलेस सेट यांच्या हातात देऊन गेले. साहेब परत येईपर्यंत जेवढा वेळ लागला, तेवढीच काकांची वायरलेसमधली नोकरी. पण आमच्या मेडशी गावात ते अजून 'ऑपरेटर' म्हणवून घेतात.

सोयाबीनच्या हंगामाआधी त्यांनी वॉकीटॉकीची जोडी आणली. एक सेट भाजीच्या मळ्यात, एक घरी कमलकाकूंकडे. "वांग्यात रोही घुसले त घरी सांगता येते, ओव्हर." रोही म्हणजे नीलगायी, एका रात्रीत मळा साफ करणाऱ्या.

"काका, मोबाइल हाय ना?"

"मोबाइलवर कोनीबी बोलते!"

खरं कारण मला ठाऊक होतं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि काकू बोलेनाशा झाल्या. काका तासभर बोलत, काकू नुसती मान हलवत. यंत्रात मान हलवून भागत नाही, तोंड उघडावंच लागतं, असा काकांचा डाव होता. एरवी गावभर बडबडणारा हा माणूस बायकोच्या एका शब्दासाठी तळमळत होता, पण कबूल कोण करणार?

डाव चार दिवस चालला आणि सेट रुसला. माझं तालुक्याच्या गावी, मालेगावला, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे गावात मिक्सरपासून बोअरच्या मोटारीपर्यंत जे काही बिघडेल ते माझ्या नात्यातलं समजलं जातं. काकांचा फोन आला, "तिकडचं आयकू येते, पन माह्या सेटवरून आवाज जात नाही. बटन दाबलं का टुंई करते. लवकर ये, ओव्हर."

दुकानात गर्दी होती, मी टाळाटाळ केली. तोवर काकांनी घरगुती उपचार सुरू केले. बॅटरी उन्हात वाळवली. बांबूला सेट बांधून बांबू चिंचेला बांधला, मग बटण दाबायला स्वतः चिंचेवर चढले. कोणी म्हणालं नजर लागली, तर सेटाला लिंबू-मिरची लटकवली. मी फोनवर चॅनल बदलून बघा म्हटलं, तर भडकलेच. "सात नंबर आपल्याले लाभते! कायले बदलू?"

त्यानंतर मात्र काकांचे फोन यायचे बंद झाले. मलाच चुटपुट लागली, म्हणून एका रविवारी मळ्यात गेलो. काका मोटारीच्या खोलीच्या पायरीवर सेट कानाला लावून बसले होते. मला पाहताच त्यांनी आवाज कमी केला. मी अँटेना घट्ट केली, बटण दाबलं. टुंई! याचा अर्थ साधा असतो. एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं. दुसरा बोलत असेल तर असला सेट आपल्याला तोंड उघडू देत नाही. म्हणजे सात नंबरवर कोणीतरी अखंड बोलत होतं. मेडशीत असा माणूस एकच आणि तो तर माझ्यासमोर बसला होता.

म्हणून घरचा सेट बघायला गेलो. काकूंना खोळी शिवायचा भारी नाद. रिमोटला खोळ, मिक्सरला खोळ, सिलिंडरला तर झालरीची खोळ. चार्जरवर ठेवलेल्या सेटालाही त्यांनी जुन्या झंपराची इतकी घट्ट खोळ शिवली होती, की बोलायचं बटण कायमचं दाबलं गेलं होतं. लाल दिवा पेटलेला, सेट तव्यासारखा तापलेला. घरातला शब्दन् शब्द मळ्यात जात होता आणि मळ्यातून काहीच येऊ शकत नव्हतं.

"काकू, हे खोळ काढा लागते," मी म्हटलं आणि लगेच माझा मोबाइल वाजला.

"काढू नको!" काका ओरडले. "पयले बाहेर ये."

मी अंगणात आलो. "काका, तुमाले मालूम होतं?"

"मंग! ऑपरेटर हाओ मी." मग आवाज खाली आला. "थे गाने म्हनते रे. पोरीची आठवन काढते. काल मांजरीले सांगून राह्यली होती, बुढ्याचे गुडघे लय दुखतेत, तेल कोमट करा लागते. मले कधी बोलली नाही असं."

"सेट जळून जाईन, काका. घरी बसून आयका ना तिचं."



"घरी कसं आयकू? घरी मी बोलत असतो ना."

मला हसावं की रडावं कळेना. "मंग आज घरी या अन् सोताच्या तोंडाले खोळ घाला," म्हटलं आणि आत जाऊन सेट बंद केला.

संध्याकाळी काका ओट्यावर येऊन गपचूप बसले. काकू दोनदा दारात डोकावल्या. मग बाहेर आल्या, त्यांच्या कपाळाला हात लावला. "अहो, ताप हाय का? बोलून काहून नाही राह्यले?"

काका गप्प. काकू घाबरून त्यांच्याजवळ टेकल्या आणि बोलू लागल्या. गुडघ्यांचं बोलल्या, पोरीचं बोलल्या, तिच्याविना घर कसं खायला उठतं ते बोलल्या. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण माणूस हूं की चूं करेना.