कॅरिअरवरची साक्ष

आभारप्रदर्शन अर्ध्यावर टाकून भालचंद्रराव सभागृहाबाहेर निघाले, तेव्हा लोकांना वाटलं, पोहे-जिलेबी आली का ते बघायला चालले असतील. पिपलानी या कारखान्याच्या वसाहतीतल्या मराठी मंडळात निवृत्त मंडळींचा मेळावा चालू होता. "आणि माइकवाले गोपीनाथ यांचेही..." असं म्हणत भालचंद्ररावांनी सहज खिडकीबाहेर पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं. ते तडक दाराकडे चालू लागले. हातातला माइक हातातच राहिला. तो बिनवायरचा होता, गोपीनाथनं नुकताच हौसेनं घेतलेला. त्यामुळे बाहेर जे घडलं ते सगळ्यांना आत बसून ऐकू आलं.

"अगं, तू? तू इथं?" कर्ण्यातून आवाज आला. "किती शोधलं तुला! तश्शीच आहेस गं, जराही बदलली नाहीस."

तिसऱ्या रांगेत प्रमिलाबाई, म्हणजे भालचंद्ररावांच्या सौभाग्यवती, बसल्या होत्या. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"त्या दिवशी मी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही," कर्णा गहिवरून बोलत होता. "आता चल माझ्याबरोबर घरी. तुझी जागा अजून रिकामी ठेवलीय."

"घरी?" प्रमिलाबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला आणि बाहेर निघाल्या. अख्खं सभागृह त्यांच्यामागून निघालं, कारण इतका रंगतदार कार्यक्रम मंडळात याआधी कधी झालाच नव्हता.

बाहेर कडुलिंबाखाली एक जुनी काळी सायकल उभी होती. तिच्या सीटवर हात ठेवून भालचंद्रराव उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"इश्श! सायकल होय!" शेजारच्या कमलिनीताईंची घोर निराशा झाली.

प्रमिलाबाईंनी खोचलेला पदर सोडला. त्यांना उलगडा झाला. नोकरी लागल्यावर घेतलेली सायकल भालचंद्ररावांनी स्कूटरचा नंबर लागला त्या संध्याकाळीच कुणा अनोळखी माणसाला विकून टाकली होती. नंतर स्कूटर आली, गेली, मुलाची मोटार आली. पण घरात गुणगान चालायचं ते त्या सायकलीचंच. निवृत्तीनंतर मिसरोदला बांधलेल्या घरात जिन्याखाली त्यांनी कुणाला साधा झाडू ठेवू दिला नव्हता. ती जागा कुणासाठी होती, ते आज कर्ण्यावरून जाहीर झालं.

"हे कॅरिअर बघ," ते बायकोला म्हणाले. "तुला नीट बसता यावं म्हणून पट्ट्या जोडून रुंद करून घेतलं होतं. आणि ही घंटी ऐक."

त्यांनी घंटी वाजवली. तो खणखणीत आवाज कानावर पडला आणि मागची म्हातारी मंडळी जागच्या जागी उभी राहिली. पूर्वी कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. रस्ता दिसायचा नाही, नुसती फिरणारी चाकं आणि घंट्यांचा गजर. बघणाऱ्याची छाती दडपून जायची. त्या लोंढ्यात इथला प्रत्येक जण होता. विश्वासरावांनी नकळत हात जोडले. कमलिनीताईंचे यजमान मधुकरराव चपला काढून पुढे आले आणि त्यांनी सायकलीच्या दांड्यावरून हळूच बोट फिरवलं.

"भालचंद्रराव, राग मानू नका," ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "पण ही माझी आहे."

"काय सांगता!"

"हा पोचा बघा. गॅसचा सिलिंडर आणताना पडलेला आहे."

"पोचा सिलिंडरचाच आहे," विश्वासराव म्हणाले, "पण सिलिंडर माझा होता!"

त्यांचीही काही चूक नव्हती. सगळ्यांनी कारखान्याच्या एकाच कर्जयोजनेतून, एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या सायकली घेतल्या होत्या. सगळ्यांनी लग्नानंतर कॅरिअर रुंद करून घेतलं होतं, सगळ्यांनी त्याच्यावरून सिलिंडर आणले होते आणि स्कूटरचा नंबर लागल्यावर सगळ्यांनीच त्या विकल्या होत्या. माइक अजून चालूच असल्यामुळे भांडण पिपलानीभर गेलं आणि क्वार्टरांमधून आणखी दोघे-तिघे धापा टाकत आले. त्यांनीही आपापली सायकल ओळखली.

"गोपीनाथ, ही आणलीस तू, आता तूच सांग! कुणाकडून घेतलीस?"

"मला काय मालूम साहेब? बरखेड्याच्या कबाडीवाल्याकडून घेतली. मी तर आता बाइक घेऊन राहिलो. ज्याची असंल त्यानं फोकटमध्ये घेऊन जा. पण माइक बंद करा ना आधी, बॅटरी चालली!"

फुकट मिळणार म्हटल्यावर आवाज आणखी चढले. शेवटी कमलिनीताईच पुढे झाल्या.

"आम्हाला विचारा की! चालवली तुम्ही, पण कॅरिअरवरचे धक्के आम्ही खाल्लेत. आपापल्या बायकोला बसवून मैदानाला एक फेरी मारा. आपली असेल तर आम्हाला बसल्याबरोबर कळेल."

याला कुणाचीच हरकत नव्हती. मधुकररावांनी पहिली फेरी मारली. कमलिनीताई उतरल्या, साडी सारखी केली आणि म्हणाल्या, "नाही हो. ही आपली नाही." विश्वासरावांच्या लीलावतीबाईंनीही तेच सांगितलं. एकेक जोडपं जाऊन परत येत होतं आणि एकेक दावा निकालात निघत होता. भालचंद्ररावांचा नंबर शेवटी लागला.

प्रमिलाबाई बसल्या. सायकल जरा डगमगली आणि चालू लागली. वळणावर चढ होता. तिथे भालचंद्ररावांनी सवयीनं अंग पुढे झुकवलं आणि प्रमिलाबाईंनी सवयीनं त्यांच्या कमरेला हात घातला. इतक्या वर्षांनी चढ कसा सरला ते दोघांनाही समजलं नाही. भालचंद्ररावांना वाटलं, सायकल आपण चालवतच नाही, तीच आपल्याला घेऊन चाललीय.

"काय?" परत आल्यावर त्यांनी धापा टाकत विचारलं.

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "ही आपली नाही."

भालचंद्ररावांचा चेहरा एवढासा झाला. कुणाचीच नाही म्हटल्यावर गोपीनाथनं सायकल मंडळालाच देऊन टाकली.

रिक्षात बसून दोघं मिसरोदकडे निघाले. मग भालचंद्रराव म्हणाले, "प्रमिला, खरं सांग."

"आपलीच होती. बसल्याबरोबर कळलं."

"अगं, मग?"

"मग काय? घरी नेली असती तर जिन्याखाली उभी करून रोज पुसत बसला असता. मला कोण बसवतंय? आता मंडळात आहे. दर रविवारी मला घेऊन यायचं आणि फेरी मारायची. आणि जिन्याखाली माझ्या लोणच्याच्या बरण्या जातील."

पुढच्या रविवारी प्रमिलाबाई गजरा माळून सकाळीच तयार होत्या. दोघं मंडळाच्या फाटकातून आत शिरले आणि थबकले. कडुलिंबाखाली मधुकरराव चाकात हवा भरत होते. त्यांच्यामागे कमलिनीताई, लीलावतीबाई आणि त्या दिवशीच्या सगळ्या साक्षीदार ठेवणीतल्या साड्या नेसून ओळीनं उभ्या होत्या. कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

"या," कमलिनीताई झाडाच्या शेंड्याकडे बघत म्हणाल्या. "तुमचा नंबर लीलावतीच्या मागं."

स्कूटरच्या नंबरासाठी काही वर्षं वाट पाहिलेले भालचंद्रराव निमूटपणे नंबर लावून उभे राहिले.