मार्मोटचा नकार

मोतुप दगडाआड पालथा पडला होता, श्वाससुद्धा जपून घेत. दहा वाजत आले होते आणि बाराला जीप लेहला निघणार होती. जिल्ह्याच्या कॅलेंडरसाठीचा फोटो त्या जीपमधून गेला नाही, तर जुलैचं पान पुन्हा पलीकडच्या स्पांगरी गावाला मिळणार होतं. सलग तिसऱ्या वर्षी!

समोरच्या बिळातून मार्मोटचं तांबूस नाक आलं. मग मिशा. मग लोण्याच्या गोळ्यासारखी ढेरी.

"मोतुप! चहा!"

नाक, मिशा, ढेरी, सगळं गडप. थर्मास काखेत मारून त्याची आत्या चढ चढत येत होती.

"आने-ले, नको ना."

"घे रे थोडा."

"खरंच नको."

"घोटभर?"

"शपथेवर नको!"

आत्या हरखली. तीनदा नको म्हणायचं नि चौथ्यांदा घ्यायचं, ही रीत तिनंच त्याला शिकवली होती. "गुणाचं लेकरू," म्हणत तिनं खारा लोणीचहा काठोकाठ ओतला. लवकर सुटावं म्हणून त्यानं तो एका दमात संपवला, तर तिनं पुन्हा भरला. भरला कप टेकवायला त्या अख्ख्या डोंगरावर वीतभर सपाट जागा नव्हती.

साडेअकरा झाले. थर्मास निम्मा, मोतुप गच्च. तेवढ्यात आत्यानं सातूच्या पिठाची पुरचुंडी सोडली, त्या वासानं मार्मोट बाहेर आला आणि थेट आत्यापुढे उभा ठाकला.

"आलास राजा? घे," आत्यानं सातूचा गोळा पुढे केला. मार्मोटनं दोन्ही पंजे छातीशी धरले.

"बघ, नको म्हणतोय! काय वळण आहे! घे रे." पुन्हा पंजे. "घे ना." पुन्हा पंजे, मान जराशी कलती, मिशांवर ऊन, पाठीशी बर्फाचं शिखर. मोतुपनं कप सोडून कॅमेरा उचलला. खटक! चहा पायजम्यावर.

"मिळाला, आने-ले, मिळाला!"

"थांब, आता घेईल."

मार्मोटनं शीळ घातली आणि बीळ गाठलं. आत्याचा चेहरा पडला. "पाहुणा तोंडही ओलं न करता गेला!"

खाली जीपचा हॉर्न वाजला. ओल्या पायजम्यात मोतुपला पळवेना, म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन आत्याच उतारावरून धावली.

जानेवारीत कॅलेंडर आलं. जुलैच्या पानावर मार्मोट, उन्हात न्हालेला, देखणा. खाली छापलं होतं : मार्मोट, स्पांगरी.

"आने-ले! ड्रायव्हरला सांगितलंत तरी काय?"

"खरं तेच," आत्या कप भरत म्हणाली. "चौथ्यांदाही न घेणारा आपल्या गावचा कसा असेल? हं, चहा घे."

"नको," मोतुप फणकारला. "नको म्हणजे नको. अजिबात नको!"

आणि त्यानं कपासाठी हात पुढे केला.