पोरगा मनाने चांगला आहे

माणसाची पारख करण्यात माझा हात धरणारा या गावात कुणी नाही, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. एकतीस वर्षं मी अमेरिकन फुटबॉलचे क्वार्टरबॅक घडवतोय. चेंडू हातात आल्यावर तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा तो एकटा जीव, आणि त्या तीन सेकंदांत दीडशे किलोंची चार माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात. पोरगा टिकणार की नाही, हे मला त्याच्या नुसत्या उभं राहण्यावरून कळतं.

यंदा आमच्या संघात एमरी टॉलिव्हर आला. वय बावीस, थेट कॉलेजातून. सतरा सामने झाले, पाच जिंकलो, बारा हरलो. गावातल्या न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत प्रत्येकाने आपापला निकाल देऊन टाकला होता, पण खरा निकाल मी देणार होतो. रविवारी दुपारी चारला आमचे मुख्य प्रशिक्षक कर्ट ब्रॅनिगन संघाच्या मालकीणबाईंसमोर बसणार होते. त्याआधी माझा अहवाल त्यांच्या हातात हवा होता. टॉलिव्हरवरच भिस्त ठेवायची, की दुसरा कुणी मुरलेला गडी आणून या पोराला बाकावर बसवायचं, हे त्या कागदावर ठरणार होतं.

त्याच रविवारी पाच वाजता घरी जेवायला कर्टिस ओबेल येणार होता. माझी मुलगी इन्ग्रिड गेलं वर्षभर या पोराबरोबर फिरत होती. शाळेत गाणं शिकवतो. तो आज काहीतरी विचारणार आहे, असं बायको मार्लीन सकाळपासून चौथ्यांदा सांगत होती. "त्याचा नंबर फोनमध्ये घालून ठेवा," ती म्हणाली. "बर्फ पडतोय, रस्ता चुकेल बिचारा." मी घातला. या कथेतलं सगळं पाप तिथे आहे.

टाइप करणं मला जमत नाही. मी दीड वाजता तळघरात बसून फोनला अहवाल तोंडी सांगितला आणि म्हणालो, कर्टला पाठव. अहवालात मी खेळाडूचं नाव कधीच घालत नाही. मागे एकदा एक कागद वर्तमानपत्रात पोचला होता, तेव्हापासून प्रत्येक जण नुसता 'पोरगा'. तर अहवाल असा:

"पोरगा मनाने चांगला आहे. दिसायला ठीक. पण दबाव आला की पाय गळतात. सुरुवात झोकात करतो, मग कुठे जायचं ते विसरतो. एकावरच नजर लावून बसतो, आजूबाजूला काय चाललंय याचा पत्ता नसतो. पहिलंच वर्ष म्हणून मी गप्प राहिलो. आता भावनेला जागा नको. त्याच्यावर सगळं सोपवणं धोक्याचं आहे. दुसरा कुणी अनुभवी मिळत असेल तर ताबडतोब आणावा."

सव्वादोनला उत्तर आलं. डोळ्यांसाठी मी अक्षरं इतकी मोठी करून ठेवली आहेत की पडद्यावर वर नुसतं 'कर्ट' एवढंच मावतं.

"वाचलं. दोनदा वाचलं. हे तुमचं अंतिम मत का?"

"अंतिम," मी म्हणालो, आणि फोनने ते पाठवलं.

"मला वाटलं होतं, वर्षभरात थोडी तरी प्रगती दिसली असेल."

कर्ट वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मला वाटलं, मालकीणबाईंच्या भीतीने ढिला पडतोय. मी त्याला धीर द्यायचं ठरवलं. "काळजी करू नका. पुरावे आहेत. सगळे व्हिडिओ माझ्याकडे आहेत."

मग, "कसले व्हिडिओ?"

"नेहमीचेच. चारही बाजूंनी काढलेले, वरूनसुद्धा. मार्लीनने सोबत बसून पाहिलेत. काही ठिकाणी तिला हसू आवरेना."

"हे कधीपासून चालू आहे?"

"ऑगस्टपासून."

मी वर जाऊन कॉफी घेतली. इन्ग्रिड बटाटे सोलत होती, गुणगुणत होती. फोन वाजला.

"इन्ग्रिडला माहीत आहे?"

मी तो प्रश्न दोनदा वाचला. कर्ट ब्रॅनिगनला माझ्या मुलीचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं. नाकावर चष्मा चढवला, बोटाने वरचं नाव बाजूला सरकवलं. 'कर्ट'च्या पुढे हळूच 'िस' बाहेर आला, तेव्हा माझ्या हातातली कॉफी टेबलावर पसरली.

"बाबा, काय झालं?" इन्ग्रिडने विचारलं.

मी फोन तिच्यापुढे धरला. तिने सगळं वाचलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातला बटाटा खाली ठेवला, हात पुसले आणि त्याला फोन लावला. तो बारा मैलांवरच्या पेट्रोल पंपाशी थांबला होता. परत निघायच्या बेतात होता.

"कर्टिस, ते तुझ्याबद्दल नव्हतं," ती म्हणाली. "नाही, खरंच. टॉलिव्हरबद्दल होतं. … नाही, मी सांभाळून घेत नाहीये." तिने फोन ठेवला. "त्याला पटत नाही. मी गेले तर वाटेल, समजूत काढायला पाठवलीय. तुम्ही जा, बाबा. आत्ता. आणि तो परत गेला, तर मीही त्याच्यामागे जाईन. आज जेवायला मला धरू नका."

इन्ग्रिड जे बोलते ते करते. माझ्यावर गेली आहे.

बर्फात गाडी वीसच्या पुढे जाईना. पंपाशी पोचलो तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती. कर्टिस गाडीत बसला होता, कोट आणि टाय घालून, मांडीवर ॲपल-पायचा डबा. मी शेजारी जाऊन बसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"सर, ते व्हिडिओ वरून कसे काढलेत, तेवढं सांगा," तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. कर्ट, कर्टिस, मोठी अक्षरं, तळघर. तो ऐकत होता, पण मान काही हलेना. तेवढ्यात माझा फोन वाजला. या वेळी खराच कर्ट.

"गस, अहवाल कुठाय? मी बाईंसमोर बसलोय."

"पाठवतो," मी म्हणालो, आणि लक्षात आलं की चष्मा स्वयंपाकघरात कॉफीच्या तळ्यात राहिलाय.

"पाठवू नका, वाचून दाखवा. फोन टेबलावर ठेवलाय, त्याही ऐकतायत."

मी कर्टिसकडे पाहिलं. तो अहवाल जगात वाचू शकणारा एकच माणूस त्या गाडीत होता. "वाचशील का?" मी हळूच विचारलं.

त्याने आपला फोन काढला. फोनवर मी म्हणालो, "माझा सहायक वाचतोय," आणि तो वाचू लागला. शाळामास्तरचा स्वच्छ आवाज. 'मनाने चांगला' नीट गेलं. 'पाय गळतात'पाशी आवाज जरा हलला. वाक्य न् वाक्य तो स्वतःच्या तोंडाने म्हणत होता, आणि मला पहिल्यांदाच कळत होतं की हे उद्या सकाळी एमरीला ऐकावं लागणार आहे. चुका मी अचूक मोजल्या होत्या. शेवटच्या चार सामन्यांत त्या निम्म्यावर आल्या, हेही मोजलं होतं. पण ते लिहिलं असतं तर निष्कर्ष डळमळला असता, म्हणून गाळलं.

"त्याच्यावर सगळं सोपवणं धोक्याचं आहे," कर्टिसने वाचलं आणि थांबला. काचेवर बर्फ साचत होता.

"पुढे?" कर्टने विचारलं.

"पुढे…" कर्टिस म्हणाला. फोन त्याने मांडीवर उलटा ठेवला. "पण पोरगा शिकतोय. त्याला आणखी एक वर्ष द्यावं."



"गस, हे तुमचं मत?"

एकतीस वर्षांत मी दिलेला निकाल फिरवला नव्हता. कर्टिस समोरच्या काचेकडे बघत होता, कान लाल झालेले.

"माझंच," मी म्हणालो. "शेवटचे चार सामने बघा. आकडे उद्या देतो."

तिकडे बाईंचा आवाज आला, "मलाही तेच वाटत होतं." कर्टने सुस्कारा सोडला. "ठीक. टॉलिव्हर राहतोय. आणि गस, उद्या दहाला माझ्याकडे या. यंदा खेळाडूंकडूनही प्रशिक्षकांचे अहवाल मागवलेत. टॉलिव्हरने तुमच्यावर दीड पान लिहिलंय."

"चांगलं लिहिलंय?"

"या तर खरं," कर्ट म्हणाला. "नाश्ता करून या."

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कर्टिसने विचारायचं ते विचारलं, इन्ग्रिड हो म्हणाली, मार्लीन रडली. कर्टिसने न मागता माझ्या ताटात आणखी दोन चमचे बटाटे वाढले.