बिनधन्याच्या जाळ्यास प्रमुख मिळाला त्याची हकीकत

सर्व वाटा ज्याच्या दारी मिळतात त्या गजाननास नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी कोतवाल हैबतराव हे निवृत्त दफ्तरदार अवधूतराव साखरदांडे यांचे घरी आले आणि कपाटावरील डबी जप्त केली. कारण ऐसे जे, दिवाणसाहेबांची पगडी उसनी आहे, असे कोणी इंटरनेटवर लिहिले आणि माग याच घराशी आला. या गुन्ह्यास शिक्षा सहा महिने कैद.

राज्यात एक जाळे होते. जो तो आपले वापरून उरलेले इंटरनेट त्यात परक्यांस देई आणि मग परक्याचा निरोप आपल्या घरातून पुढे जाई. कोणाचा, कसला, हे यजमानास कळत नसे. अशा घरास नोड म्हणत. कपाटावरील त्या डबीच्या योगे अवधूतरावही नोड जाहले होते.

कोतवाल बोलिले, "राव, लिहिले कोणी?"

"ठाऊक नाही. आमच्या दारातून गेले, एवढेच."

"जाळ्याचा धनी कोण?"

"धनी नाही. कचेरीही नाही."

"मग चालते कसे?"

"तेच मलाही पुरते उमगलेले नाही."

पत्नी इंदुताई म्हणाल्या, "उरलेली भाजी वाटा म्हटलं, तर यांनी इंटरनेट वाटलं!"

मग सर्व चावडीत गेले आणि कोतवालांनी कागद भरावयास घेतला आणि 'जाळ्याच्या प्रमुखाचे नाव' या रकान्यापाशी अडले. अवधूतरावांनी चौतीस वर्षांत रिकामा रकाना पुढे जाऊ दिला नव्हता. जाळ्यात सारेच सारखे, तेव्हा कोणतेही नाव चूक नव्हे, ऐसा विचार करून त्यांनी सुवाच्य अक्षरात आपलेच लिहिले.

"अहो, हे काय केलंत!" इंदुताई म्हणाल्या.

"रिकामा होता."

मग कोतवालांनी तपासणीस्तव डबी चावडीच्याच इंटरनेटला जोडविली आणि हिरवा दिवा लागला आणि सव्वातीनास नवा मजकूर उमटला की जोडेही उसने आहेत. माग काढिला, तो चावडीचाच पत्ता निघाला. अवधूतराव तर समोरच बाकावर बसले होते. डबी काढू म्हणता, पंचांवाचून हात लावू नये असा कायदा निघाला, आणि पंच जेवावयास गेले होते.

सारांश, पाच वाजेतोची खबर इतकीच: पहिल्या कागदावर अवधूतराव प्रमुख आहेत, चावडीच्या नावे निघालेल्या दुसऱ्यावर तोच रकाना रिकामा आहे, अवधूतराव त्याकडे एकटक पाहत आहेत, कोतवालांनी लेखणी मुठीत घट्ट धरिली आहे आणि दिवा हिरवाच आहे.