भिंतीवरचा बटाटा

दवाखान्याच्या भिंतीवर बटाटा रंगवायला घेतला तेव्हा ढगोबाच्या पोटात मूठभर घेवड्याच्या शेंगांखेरीज काही नव्हतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

ढगोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दोराच्या झुल्यावर बसून उंच भिंती रंगवणारा तो पेंटर. रंगवता रंगवता ब्रश हवेत तसाच राही आणि स्वारी ढगांकडे बघत बसे. खालून कुणी बोलावलं तर दुसऱ्या हाकेला ओ देई. माणूस सोन्यासारखा, पण जमिनीवर क्वचितच सापडायचा.

आता हातानं भिंती रंगवून घेतं कोण? जिकडेतिकडे छापील फलक. मेव्हण्यानं आपल्या रंगाच्या दुकानात त्याच्यासाठी एक स्टूल मांडून ठेवलं होतं. डबे विकायचे आणि सुखानं राहायचं. त्या स्टुलावरून समोरच्या गोदामाचं शटर दिसत असे, ढग नव्हे. दवाखान्याची भिंत ही ढगोबाची शेवटची आशा होती. ती पसंत पडली तर मागची भिंतही त्यालाच मिळणार होती. नाही तर स्टूल.

चित्राचा आराखडा तिथल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी दिला होता. एक भलंमोठं ताट. त्याच्या अर्ध्या भागात भाज्या आणि फळं. उरलेल्या अर्ध्याचे दोन वाटे: एकात अंडी, मासा, कडधान्यं, म्हणजे प्रथिनं, दुसऱ्यात पाव आणि बटाटा, म्हणजे कर्बोदकं. स्निग्ध पदार्थही हवेतच, पण बेतानं, म्हणून कडेला लोण्याची इवलीशी वाटी आणि चार अक्रोड. यातलं काहीच वाईट नाही, फक्त प्रमाण सांभाळा, असं मॅडमनी दोनदा बजावलं होतं.

ढगोबाची चूक एवढीच, की तो आराखडा त्यानं घरी जेवणाच्या टेबलावर ठेवला. बायको शिवणकाम करायची. मापाच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं आधी आराखडा पाहिला, मग नवऱ्याचं पोट पाहिलं.

"अहो, हे तुम्ही लोकांना सांगणार?"

"मी कशाला? भिंत सांगेल."

"मग जे भिंतीवर, तेच डब्यात," बायको म्हणाली, आणि विषय संपला.

तिनं मॅडमचं प्रमाण घेतलं खरं, पण शिवताना कापड आटेल म्हणून चार बोटं जास्त धरतात, तसं इथे तिनं चार घास कमी धरले. डब्यात भाज्यांचं रान आणि त्यात पावाचा एक तुकडा वाट चुकल्यासारखा.

ढगोबा कधी चौकटी आखून रंगवत नसे. थोडं रंगवायचं, खाली उतरायचं, रस्त्यापलीकडून बघायचं, पुन्हा वर चढायचं, ही त्याची रीत. आता रिकाम्या पोटी एवढी चढउतार करणार कोण? तो वरच राहिला. पाव-बटाट्याच्या बाजूला दुपारपर्यंत सावली असे, म्हणून ते काम तो जेवणाआधी करी. जेवण झालं की भाज्या. पण डब्यातही त्याच खाल्ल्यावर त्यांच्याकडे बघवतही नसे.

मग वाऱ्यावर झुला हळूहळू डोले आणि ढगोबा स्वप्नात जाई. बटाट्याची साल किंचित तडकली पाहिजे, असं त्याला वाटे. मग आतली पांढरी वाफ दिसायला हवी. वाफ आली की तिला जागा हवी. वाटीतलं लोणी केव्हा उठून बटाट्यावर जाऊन बसलं ते त्यालाही कळलं नाही. ते वितळलं, ओघळलं आणि थेट गाजरांपर्यंत पोचलं. पाव फुगला. अंडं त्याच्यामागे मावळलं, माशाची नुसती शेपटी उरली. समोरचा बेकरीवाला रोज हात हलवून नमस्कार करी. त्याचे पाव हल्ली संध्याकाळच्या आतच संपत होते, पण ढगोबाला वाटे, माणूस मोठा प्रेमळ आहे.

एके दिवशी तो डबाच विसरला. बायको घेऊन आली आणि रस्त्यापलीकडे उभी राहून बघतच राहिली. तिनं दोन हाका मारल्या. ढगोबा उतरला, तिच्याशेजारी येऊन उभा राहिला आणि कितीतरी दिवसांनी त्यानं आपलं चित्र पाहिलं.

"अहो, ताट कुठाय?"

"बटाट्याखाली आहे."

मॅडम संध्याकाळीच बघायला येणार होत्या. ढगोबाचा चेहरा उतरला. "मला नाही गं बसायचं त्या स्टुलावर," तो म्हणाला. उपाशी माणसाला बटाटा रंगवायला बसवलं ही आपलीच चूक, असं म्हणत बायको बेकरीत गेली आणि पाव, लोणी, उकडलेली अंडी घेऊन आली. भरल्या पोटी हात मापात चालेल, हा तिचा हिशोब. तो पोटभर जेवला, झुल्यावर चढला आणि ब्रश हिरव्या रंगात बुडवून गाढ झोपला. तो विचार करतोय असं समजून बायको घरी गेली.

दुसऱ्या हाकेला त्याला जाग आली. खाली मॅडम उभ्या होत्या. तिरप्या उन्हात बटाटा सोन्यासारखा चमकत होता.

"हे प्रमाण मी दिलं होतं?"

"नाही, मॅडम." ढगोबाच्या डोळ्यांपुढे शटर आलं.

बटाटा निम्मा करा, अंडं आणि मासा बाहेर काढा, गाजरांवरचं लोणी पुसा, असं मॅडमनी एकेक करून सांगितलं. मग आवाज खाली आला. "बाजूच्या वॉर्डाच्या वरच्या खिडकीतून ही भिंत दिसते. तिथे एक आजोबा आहेत. ताट आलं की तोंड फिरवायचे. आज त्यांनी स्वतः बटाटा मागितला. सोबत कडधान्यंही खाल्ली. मी त्यांना रोज प्रथिनं समजावत होते हो, भूक समजावायची राहूनच गेली." त्यांनी डोळे टिपले. "आता भाज्यासुद्धा अशाच काढा."

"अशा म्हणजे?"

"उपाशी असल्यासारख्या."

बायकोनं हे ऐकलं आणि डबा पार उलटा केला. पाव, बटाटा, लोणी, सकाळ-संध्याकाळ तेच. पहिल्यांदा ढगोबा हरखला, पण लवकरच झुल्यावर बसून काकडीची स्वप्नं बघू लागला. भिंतीवरच्या काकडीवर दव उतरलं, टोमॅटो रसानं तटतटले, आणि ताट बरोब्बर मापात आलं. शेवटच्या दिवशी त्यानंच लाजत विचारलं, "अगं, उद्यापासून तो आधीचा डबा देशील? चार घास वाढवून."

मागची भिंत त्यालाच मिळाली. तिचा आराखडा हातात पडला तसा त्यानं घडी करून ब्रशांच्या पिशवीत तळाशी लपवला. यात पहाटेच्या वाटेवर पळणारा एक माणूस होता.

घरी आला तेव्हा बायको मशीनवर एक ढगळ अर्धी विजार शिवत होती.

"कुणाची गं ही?"

"मॅडमचा फोन आला होता," ती दोरा तोडत म्हणाली. "उभे राहा बघू, कंबर मोजते."

ढगोबा हात वर करून उभा राहिला आणि खिडकीबाहेर बघू लागला. ढग आज जरा जोरातच पळत होते.